रोसाबाईची खुर्ची

नेकनूरचे अप्पा आमच्या नेट कॅफेत आले की दोन खुर्च्या मागायचे. एक स्वतःला आणि दुसरी शेजारी, रिकामी. बीडच्या बस स्टँडसमोरची आमची ती खोली म्हणजे चार कॉम्प्युटर आणि गुडघ्याला गुडघा. तिथे रिकामी खुर्ची अडवून बसणारा माणूस माझ्या डोक्यात जायचा. "अप्पा, लोक उभे आहेत, ती खुर्ची द्या," असं मी पहिल्यांदा म्हटलं, तर तेच माझ्यावर रागावले. "आगं माय, पाव्हणी यायलीय तिकडून. सात समिंदर वलांडून. तिला काय हुबी ठिवू?" पाव्हणी म्हणजे एक ई-मेल होता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावोगाव एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले होते आणि मी नि माझ्या भावाने हिंमत करून इंटरनेट आणलं होतं. अप्पांचं नेकनूरला दोरखंडाचं दुकान होतं, आणि डोंगराच्या कडेला सीताफळाची पन्नासेक झाडं. बायको देवाघरी गेलेली, मुलगा पुण्यात कंपनीत. दर गुरुवारी माल न्यायला बीडला यायचे. एकदा आमचा बोर्ड वाचून जिना चढून वर आले आणि म्हणाले, "ह्याच्यात समदं सापडतं म्हणं. मंग जगात आनखी कुठं सीताफळ हाय, बघ बरं."

शोधता शोधता एका बागायतदार मंडळाचं पान उघडलं. त्यावर आपल्या सीताफळाच्याच कुळातलं एक फळ होतं, आणि ते हातात धरलेली, टोपी घातलेली एक बाई. खाली तिचा पत्ता. नाव रोसा, देश पेरू. "सीताफळ घावलं ते पेरूत!" म्हणून अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्याच दिवशी त्यांनी मला पहिलं पत्र सांगितलं. ते मराठीत बोलायचे, मी माझ्या बारावीच्या इंग्रजीत टाइप करायची. आठ दिवसांनी उत्तर आलं. रोसाबाईंनी तरुणपणी कुठल्या तरी हॉटेलच्या भटारखान्यात काम केलं होतं, तिथे शिकलेलं इंग्रजी माझ्यापेक्षाही मोडकं होतं. त्यामुळे आमचं छान जमलं.

पत्र कसं लिहावं, याचा अप्पांचा एक नियम होता. "आधी घरचं इचार, मंग झाडाचं." रोसाबाईंची गुडघेदुखी, शहरात मास्तरीण असलेली तिची लेक, दोन शेळ्या, म्हातारा कुत्रा, सगळ्यांची खुशाली विचारून झाल्याशिवाय झाडाचा विषय निघायचा नाही. मी वैतागायची. पण दोन-चार पत्रांनंतर तिकडूनही तसंच येऊ लागलं. अप्पांचा खोकला, पुण्याचा मुलगा, आणि "पत्र लिहिणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं का?" हा प्रश्न न चुकता. अप्पा मिस्कीलपणे माझ्याकडे बघायचे. "आता काय लिवतीस? खरं लिव."

आपल्याकडे सीताफळ दिवाळीच्या आगेमागे येतं, तिच्याकडे ते आपल्या उन्हाळ्याच्या सुमाराला. अप्पांना हे फार आवडलं. "आमचं सरलं की तिचं लागतंय. आमा दोगांत बाराही म्हैने कुठं ना कुठं फळ हायच." तिनेच त्यांना हाताने परागीकरण करायला शिकवलं. संध्याकाळी फुलातले पराग डबीत गोळा करायचे आणि सकाळी बारीक ब्रशने दुसऱ्या फुलांत सोडायचे. अप्पा माझ्याकडून चित्रकलेचा ब्रश घेऊन गेले. "अप्पा, झाडाला काजळ घालता का वो?" म्हणून गावाने खिल्ली उडवली. त्या दिवाळीला फळं अशी धरली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. हसणारे मग गुपचूप ब्रश मागायला आले.

भाऊबीज म्हणजे काय, हे अप्पांनी तिला एका पत्रात सविस्तर कळवलं. तिला भाऊ नव्हता. तिने लिहिलं, मी मेणबत्ती लावली, तुमच्या देशाकडे तोंड करून धरली, दिशा चुकली असेल तर माफ करा. अप्पांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ओवाळणी म्हणून बांधावरचं एक झाड तिच्या नावाने केलं. त्या झाडाचं फळ त्यांनी कधी विकलं नाही.

तिसऱ्या वर्षी, पावसाळ्यात, पाच गुरुवार उत्तर आलं नाही. "कावून गं माय, काई आलं न्हाई?" एवढंच विचारून अप्पा परत जायचे. सहाव्या गुरुवारी मेल आला, पण वेगळ्या पत्त्यावरून. तिच्या लेकीचा होता. मी पहिली ओळ वाचली आणि मराठीत सांगितली. "अप्पा, रोसाबाई गेल्या."

अप्पांनी हात वर केला. "बास. म्होरं वाचू नकु. फाड ते."

मयताचं पत्र आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. माझ्या आईनेही असंच केलेलं मी पाहिलं होतं. त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. मी मेल पुसला, आणि कुठे शिल्लक राहू नये म्हणून मेलची कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. पुसता पुसता दुसऱ्या ओळीवर माझी नजर गेली होती. 'आईने तुम्हाला सांगायला सांगितलंय की'. एवढंच दिसलं आणि पडदा पांढरा झाला.

अप्पा पुढच्या गुरुवारी आले आणि त्यांनी एकच खुर्ची मागितली. "तिच्या लेकीला दोन शब्द लिवू. पोरकं झालं लेकरू." लेकीचा पत्ता त्या मेलशिवाय कुठेच नव्हता. मी रोसाबाईंच्या जुन्या पत्त्यावर लिहिलं, पुन्हा लिहिलं. मेलेल्या माणसाची पेटी कोण उघडणार? बागायतदारांचं ते पानही बंद झालं होतं. लेकीला वाटलं असेल, हा कसला भाऊ, दोन शब्दही लिहिले नाहीत. "जाताना काई म्हणली आसंल का गं?" अप्पा विचारायचे. मी मान खाली घालून म्हणायची, "नाही अप्पा, नुसती बातमी होती." दोन वर्षं मी हे खोटं बोलले. मला माझी लाज वाटायची, पण सांगायचा धीर होत नव्हता.

मग अप्पा अंथरुणाला खिळले. मी नेकनूरची बस धरली. पर्समध्ये एक कागद होता. तो मीच टाइप केला होता, रोसाबाईंच्या लेकीच्या नावाने. त्यांच्या खाटेशेजारी बसून वाचला. "आईने तुम्हाला सांगायला सांगितलंय की झाडाला जपा, मी त्या झाडात आहे..."

अप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "माय, हे तू लिवलंस."

मी कागदाची घडी घातली.

"रोसाबाई आधी घरचं इचारती, मंग झाडाचं. खोकला कसाय म्हणल्याबिगर ती झाडाला हातच लावायची न्हाई."

मग मात्र मला राहवलं नाही. मी रडत रडत सगळं सांगितलं. दुसरी ओळ, ते अर्धे शब्द, रिकामी केलेली टोपली. आता ते मला काय बोलतील, म्हणून मी वाट पाहत राहिले.

"म्हंजे काईतरी म्हणली होती."

"हो, अप्पा."

"मला म्हणली होती."

"तुम्हालाच."

त्यांनी माझा हात दाबला. "फाड म्हणून मीच म्हणलो हुतो, माय. तू रडू नकु." थोड्या वेळाने म्हणाले, "तुजा कागद वाच पुन्यांदा. पर आधी खोकल्याचं इचार."

मी कोऱ्या समासात पेनने लिहिलं, 'अप्पा, खोकला कसा आहे? मुलगा येतो का भेटायला?' आणि पहिल्यापासून वाचलं. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं.

महिन्याभराने त्यांच्या मुलाचं कार्ड आलं. एव्हाना माझं लग्न झालेलं होतं, सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "वाचलं ना? मग फाड आणि बाहेरच टाक." मी उंबऱ्याबाहेर उभी राहून ते शेवटपर्यंत वाचलं. तारीख, विधीचा दिवस, नातेवाइकांची नावं, अगदी खाली बारीक अक्षरात लिहिलेला मुलाचा पत्ता. त्या पत्त्यावर त्याच दुपारी पत्र लिहिलं, आधी घरच्यांची खुशाली विचारून. आणि ते कार्ड, सासूबाईंचं न ऐकता, घरात आणून ठेवलं. अजून आहे.