दर्ग्याच्या ओट्यावर मंगळवारी

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. ते गवंडी होते. बौद्धवाड्यात वंदना घेणारे, लग्नं लावणारे, मयतीला गाथा म्हणणारेही तेच. आमचं गाव धावड्यापासून तासाभराच्या चालीवर, डोंगराच्या पायथ्याला. विहाराची खोली दादांनी स्वतःच्या हातानं बांधली होती. मी तेव्हा बावीस वर्षांची, शेजारच्या गावी प्राथमिक शाळेत नुकतीच लागलेली. आई नव्हती. घरात आम्ही दोघंच.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याच्या पुढचं ते साल. आमच्या गावात काही झालं नाही. झालं नाही म्हणजे काय, तर दोन महिने वाड्यातल्या बायका सरपणाला एकट्या गेल्या नाहीत, आणि शेतकरी आळीतलं कुणी नेहमीपेक्षा गोड बोललं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. मला ती सवय लागली ती लागलीच. कुणी प्यायला पाणी दिलं तरी मी आधी देणाऱ्याचा चेहरा बघायची.

अशा दिवसांत एका मंगळवारी शाळेतून परत येताना मला दादा दिसले. गावाबाहेर रस्त्याला लागून दर्गा आहे. त्याच्या ओट्यावर, दर्ग्याची देखभाल करणाऱ्या मुजावरचाचांशेजारी ते बसले होते, आणि समोर काळ्या वस्त्रांतला एक म्हातारा. गावातल्या महानुभाव मठात त्या वर्षी एक साधू येऊन राहिले होते, ते हे. मठ शेतकरी आळीत. तिथला माणूस आमच्या दादांसमोर मांडी घालून बसलेला मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी मी विचारलं, "दादा, आज कामाला न्हाई गेलात?"

"बाजाराचा दिवस. बाजारच्या दिवशी कोण भिंत बांधतं?"

"मंग कुठं गेल्ते?"

"इथंच. चाचाकडं."

साधूचं त्यांनी नावही काढलं नाही. मला तेच खटकलं. पुढच्या मंगळवारी ते तिथंच होते, त्याच्या पुढच्याही.

विहाराची किल्ली ज्यांच्याकडे असायची ते शेजारचे काका एकदा दारात उभे राहून म्हणाले, "बाई, तुमचे दादा तिथं काय करून राह्यले? मठातला माणूस आहे तो. तेवीस वर्षं झाली आपल्याला ते सगळं सोडून. माणूस गोड बोलून कवा घरात शिरतो, कळत न्हाई."

मी म्हणाले, "दादा असे जाणारे न्हाईत."

काका म्हणाले, "जाणारा कुणी सांगून जातो का?"

त्यानंतर मी दादांवर लक्ष ठेवू लागले. स्वतःच्या बापावर लक्ष ठेवणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण मी ठेवलं. एका रविवारी मी कोंबडी केली, तर दादांनी ताट सरकवलं. "मला नको. चटणी दे." पोट बिघडलं का विचारलं, तर नाही म्हणाले. महानुभाव पंथात मांस खात नाहीत हे गावात लहान पोरालाही माहीत होतं. मी ते कालवण दोन दिवस एकटीनं खाल्लं, आणि प्रत्येक घासाला माझी खात्री वाढत गेली.

मग वंदनेच्या वहीत कागद सापडला. चौघडी घातलेला, काळ्या शाईनं लिहिलेला. अक्षरं मराठीच्या वळणाची, पण एकही ओळखू येईना. त्या पंथाच्या पोथ्या गुप्त अक्षरांत असतात, दीक्षा घेतल्याशिवाय ती शिकवत नाहीत, असं मी ऐकलं होतं. मी कागद पुन्हा वहीत ठेवला असता तर बरं झालं असतं. मी तो घेऊन काकांकडे गेले.

काकांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "बराबर," एवढंच म्हणाले.

पुढच्या मंगळवारी मी शाळेतून लवकर निघाले. दर्ग्याच्या मागच्या बाजूनं, कबरस्तानाच्या कुंपणाला धरून आले आणि भिंतीआड उभी राहिले. तिथून माणसं दिसत नव्हती, पण बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

साधू विचारत होते, "तुमच्यात आत्मा न्हाई म्हणता. मंग केल्या कर्माचं फळ भोगतो कोण? कुणीतरी पाहिजे का न्हाई?"

दादा म्हणाले, "मी भिंत बांधतो, बाबा. एक एक दगड काढत गेलो तर भिंत कुठं राहती? दगडात न्हाई, चुन्यात न्हाई. पण उभी आहे तवर सावली देती, आणि पडली तर माणूस दबतो. भिंत न्हाई असं म्हणून चालत न्हाई. निराळी भिंत दाखवा म्हणाल, तर तीही दाखवता येत न्हाई."

"दगड कुणी रचले?"

"आधीच्या दगडांनी. खालच्यावर वरचा बसतो."

"हे मला पटत न्हाई. रचणारा एकच आहे, आणि त्याच्यावाचून सुटका न्हाई," साधू म्हणाले. "पण तुम्ही सांगता ते मी नीट ऐकलंय. पुढच्या खेपेला उत्तर देतो."

मुजावरचाचा हसले. "तुम्ही दोघं भिंत पाडा, बांधा. मी तिला टेकून बसलोय. आमच्यात तर कबरीत फरिश्त्यांचे सवाल होणार आहेत, तिथं असली जबानी चालत न्हाई."

तिघंही हसले. मला ते हसणंच सहन झालं नाही. मी पुढे झाले आणि कागद ओट्यावर ठेवला.

"हे काय लिवलंय, ते वाचून दाखवा."

दादा उठून उभे राहिले. "तू माझ्या वहीला हात लावला?"

साधूंनी त्यांना खाली बसवलं. "बस माय," मला म्हणाले. मी बसले नाही. त्यांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ नेला आणि बोट फिरवत वाचू लागले, "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि..."

पंचशील. दादा रोज म्हणतात ते.

"मी यांना सावकाश म्हणायला लावलं आणि लिवून घेतलं," साधू म्हणाले. "एक प्रत मला, एक यांना."

"ह्या अक्षरांत कशाला?"

"आमच्यात जपून ठेवायचं ते ह्याच अक्षरांत लिवायची चाल आहे."

दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्थ सांगत होतो. जीव मारणार न्हाई, असं पहिलंच शील. ह्या बाबांनी विचारलं, तुम्ही पाळता का. कोंबडी त्याच्यामुळं सोडली."

मी कागद उचलून घरी आले. कुणाला वाटेल माझं समाधान झालं असेल. रस्त्यानं माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. कागदावर खरोखर तेच लिहिलंय, की मला बघून त्यांनी पाठ असलेलं म्हणून दाखवलं? अक्षरं त्यांनाच येत होती. साक्षही त्यांचीच आणि निवाडाही त्यांचाच.

पौर्णिमेला विहारात बैठक भरली. काकांनी विषय काढला. कागद हातोहात फिरला आणि शेवटी माझ्याकडे आला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच वाचा."

"मला ही अक्षरं येत नाहीत," मी म्हणाले.

ते खरंच होतं. पण त्यापुढे दर्ग्यावर काय वाचलं गेलं ते सांगायला काही हरकत नव्हती, आणि मी ते सांगितलं नाही. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मग स्वतःच उठले.

"त्यात पंचशील आहे. विश्वास ठेवा नका ठेवू. मी धर्म सोडला न्हाई. मी सांगायला गेल्तो आणि ऐकून आलो. आपल्याच माणसांत बसून सांगत राह्यलं, तर आपल्याला किती कळलंय ते कसं कळायचं?"

कुणी वाईट बोललं नाही. एक जण म्हणाला, "दादा, दिवस कसे आहेत ते तुम्हीच बघून राह्यले. चार महिने राहू द्या." त्या दिवसापासून वंदना दुसरा एक जण घेऊ लागला. दादा मागे, दारापाशी बसायचे.

महिन्याभरानं साधू गाव सोडून पायी निघून गेले. मुजावरचाचांनी मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "त्यांना मठातल्यांनी विचारलं, वाड्यातल्या माणसाला पोथीची अक्षरं कशाला दिली? तू तिकडं विचारलं, गोष्ट मठात गेली, त्यांनी इकडं विचारलं. ते म्हणाले, मी अटनाला जातो, गावोगाव फिरत. कुठं गेले मालूम न्हाई." चाचांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला मान वर करता आली नाही.

भिंतीच्या प्रश्नाचं उत्तर ते देऊन गेले की नाही, मला माहीत नाही. दादांनीही कधी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात वाड्यात एक लग्न निघालं. नवा माणूस गाथा मध्येच विसरायचा. काका स्वतः आमच्या दारात आले. "दादा, लग्न तुम्हीच लावा." दादांनी पांढरा सदरा घातला आणि गेले. एक शब्द मागचा काढला नाही. काकांनी त्यांना पुढे बसवलं, आणि विहाराची किल्लीसुद्धा काही दिवसांनी दादांकडे दिली.

मंगळवारचं जाणं त्यांनी सोडलं नव्हतं. साधू गेल्यावर ओट्यावर ते आणि चाचा दोघंच असत. एका मंगळवारी शाळेला सुट्टी होती. मी म्हणाले, "दादा, मी येऊ?"

"ये की."

चाचांनी मला चटई दिली, चहा दिला. मला त्यांचं ते बोलणं ऐकायचं होतं, जे मी भिंतीआडून ऐकलं होतं. त्यातलं मला किती कळलं होतं कोण जाणे, पण त्यानंतर रात्रंदिवस ते माझ्या डोक्यात होतं. विहिरीच्या पाण्याची गोष्ट निघाली. चाचांच्या गुडघ्याची निघाली. वडीगोद्रीला दिलेल्या त्यांच्या मुलीला दिवस गेले होते, ते झालं. मध्येच चाचा काहीतरी सांगायला लागले, "परवा मी विचार करून राह्यलो होतो दादा, की मेल्यावर..." आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते थांबले. दादांनी कप उचलला आणि यंदा ज्वारी कशी आहे ते विचारलं.

ऊन उतरेपर्यंत मी बसून होते. दोघंही माझ्याशी मायेनं बोलले, आणि एकही वाक्य तोलल्याशिवाय बोलले नाहीत.