टेकाडातला मूळपुरुष

तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवेवर सर्जेरावांचं पांढरीचं टेकाड होतं. जुन्या वस्तीची माती ती. नांगरलं की खापरं वर यायची. सर्जेराव भावकीला जन्मभर ठणकावत आले, "टेकाड माझ्या बापानं घेतलंय. वाडवडिलांचं न्हाई. तुमचा काडीचा हिस्सा न्हाई."

तसा माणूस चांगला. फक्त फोटोची भारी हौस. लग्न कुणाचंही असो, नवरानवरीच्या मधोमध हे उभे.

नव्व्याण्णव साली एका कंपनीला टेकाडावर गोडाऊन बांधायचं होतं. सौदा ठरला. पण बांधकामाआधी खणून बघायचं, अशी वरून अट आली आन् पुण्याहून पुरातत्त्ववाल्या सीमा मॅडम आपली माणसं घेऊन हजर झाल्या.

वरच्या थरात रोमहून आलेल्या रांजणाचे तुकडे निघाले. "यातून द्राक्षाची दारू यायची," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजी गाव पहिल्यापास्नंच सुधारलेलं!" सर्जेराव खूश.

मग खूप खाली एक सांगाडा निघाला. पेपरवाले कॅमेरे घेऊन आले, तेव्हा सर्जेरावांना राहवेना. खड्ड्याच्या काठावर छाती काढून म्हणाले, "हा आमचा मूळपुरुष! नाक बघा, आमच्याच घराण्याचं."

सांगाड्याला नाक कुठलं? पण फोटो छापून आला. मग काय, यांनी मुंडण केलं, नदीकाठी दहावा घातला. कावळा लगेच शिवला. भावकी जेवून गेली.

कंपनीचे साहेब सहीसाठी जीपमधून आले, तर तीच भावकी टेकाडावर बसलेली. चुलते गेणबा उठले.

"सर्ज्या, मूळपुरुष हितंच नांदत व्हता न्हवं? मग टेकाड वडिलोपार्जित. समद्यांचा हिस्सा."

"आप्पा, त्यो आपला न्हाई! रोमचा व्यापारी हाय. दारू विकाया आला आन् हितंच मेला!"

"मग डोकं कुणासाठी भादरलंस रं?" चुलती बयाबाईंनी विचारलं. "दारूवाल्यासाठी?"

"मॅडम, तुम्ही तरी सांगा की!"

"तो रोमच्या व्यापाऱ्यांच्या हजार वर्षं आधीचा," मॅडम म्हणाल्या. "इथलाच."

भावकीनं खड्ड्याला हात जोडले. साहेबांनी फाईल मिटली. "आधी घरातलं मिटवा," म्हणाले आन् जीपमध्ये बसले.

"सायेब, उताऱ्यावर बापाचंच नाव हाय! थांबा की!" सर्जेराव धुरळ्यातून पळत सुटले.

जीप खुटबावच्या दिशेनं गेली. तिकडंही म्हणे एक टेकाड विकायचं होतं, आन् त्याच्या मालकानं अजून कुणालाच पूर्वज म्हटलं नव्हतं.