रोडगे, ओवा आणि सासरे

आमचं लग्न सासऱ्यांना पसंत नव्हतं. पोरीनं आपल्या मनानं नवरा शोधला, तोही बुलडाण्यातला कारकून, शेतीतलं ओ की ठो न कळणारा! लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पण माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. बायको वरून हसायची, आतून झुरायची. मोताळ्याजवळच्या त्यांच्या गावाहून रोडग्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं, तेव्हा ती म्हणाली, "काहीबी करा, पन बाबाले बोलतं करा."

मी काय करणार, कपाळ! मला आणि सासऱ्यांना समोरासमोर बसवलं. गवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गरम रोडगे, वर तुपाची धार, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. आमच्याकडे पाहुण्यानं आधी हात आखडला तर यजमानाचा अपमान, आणि यजमान आधी उठला तर त्याची अब्रू जाते. सासऱ्यांनी रोडगा घेतला की मी घेई, मी घेतला की ते, तेही माझ्याकडे न बघता. सासूबाई खुशीत तूप ओतत होत्या. शेवटी भाजी संपली म्हणून दोघंही सुटलो.

दुपारी पोट असं तट्ट फुगलं की पट्टा सोडावा लागला. सासूबाईंना सांगावं तर त्यांना वाटणार, रोडगेच बिघडले.

"कोनं सांगतलं होतं एवढं खायाले?" बायको तोंड दाबून हसली. ओवा, पादेलोण आणि खलबत्ता माझ्यापुढं ठेवून ती बाहेर गेली. मी स्वयंपाकघरात बसून हळूहळू कुटू लागलो.

दारात सासरे! एक हात पोटावर. त्यांनी खलबत्त्याकडं पाहिलं, मग माझ्या सुटलेल्या पट्ट्याकडं.

"जवाईबापू, थोडं मलेबी द्या," ते पुटपुटले. "आन् तुमच्या सासूले सांगू नका."

देवा रे, मला तर उडीच मारावीशी वाटली, पण पोट कुठं मारू देतंय! भिंतीला टेकून आम्ही ओवा चावला, वर गरम पाणी घेतलं. त्यांनी दणदणीत ढेकर दिला. मागोमाग मीही दिला. ते खो खो हसले आणि लगेच ओरडले, "ओवा भाजून घ्या लागते बे! कच्चाच काऊन कुटून राह्यला?"

जावयाला कुणी 'बे' म्हणत नाही, पोराला म्हणतात. दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकोनं ते ऐकलं आणि धावत येऊन तव्यावर ओवा टाकला. पण तिचे डोळे असे भरले होते की तो पार करपला.

आम्ही दोघांनी तोही खाल्ला.