अंडी फुटेपर्यंत

किस्से आणि कोंबडीची शीट यांचं सारखंच असतं. पडताना कुणाला दिसत नाही, सकाळी बघावं तर सगळीकडे! सरकारी कचेरीत मी उभी हयात कारकुनी केली; तिथे सांगण्यासारखं फार तर दोनदा घडलं आणि त्यातल्या एका वेळी मी रजेवर होतो. निवृत्त होऊन परळच्या आमच्या चाळीमागच्या बाकावर येऊन बसलो आणि मग मात्र किस्से इतके साठले की हल्ली घरी पाहुणा आला की बायको त्याच्यासमोर चहा ठेवते आणि स्वतः शेजारी निघून जाते.

चाळीची मागची बाजू आणि जुन्या गिरणीची भिंत यांच्या मध्ये एक मोकळा पट्टा आहे. गिरणी गेली, तिच्या जागी टॉवर आला, भिंत तेवढी राहिली. त्या पट्ट्यात एक नळ, एक बाक आणि तात्या गावडेची कोंबड्या-बदकं. बाकावर आम्ही तिघं: तात्या, टॅक्सी विकून मोकळा झालेला बबन शेलार आणि मी. मला चाळ 'हेडक्लार्क' म्हणते. मी हेडक्लार्क कधीच झालो नाही. पण जे प्रमोशन सरकारने दिलं नाही ते चाळीने दिलं, तर परत कशाला करा!

*

तात्या इथल्याच एका इस्पितळात इलेक्ट्रिशियन होता. नुकत्याच जन्मलेल्या नाजूक मुलांना ज्या काचेच्या पेट्यांत ठेवतात, त्यांच्या वायरी तो बघायचा. निवृत्तीनंतर कुडाळकडच्या आपल्या गावाहून गावठी अंडी घेऊन आला आणि थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून त्याने घरच्या घरी उबवणीची पेटी तयार केली.

"माणसांची पोरां वाढवलंय मी पेटीत," तो म्हणाला, "ही तर अंडी!"

पेटीवर त्याने 'शांतता राखा' अशी पाटी चिकटवली. भेटीची वेळ संध्याकाळी. आम्ही चपला बाहेर काढून, हळू आवाजात बोलत अंडी बघून यायचो.

दोन दिवस गेले आणि भेटीच्या वेळी पेटीतून ओळखीचा वास यायला लागला. बल्ब जरा दणकट बसला होता. बबनने एक अंडं उचललं, पाटीच्या कडेवर टक्कन आपटलं, सोललं आणि गंभीरपणे जाहीर केलं,

"तात्या, बाळ-बाळंतीण सुखरूप. मीठ आण!"

*

यंत्रावरचा विश्वास उडाला. कॉटन ग्रीनला एका गोदामावर तात्याचा दोस्त वॉचमन आहे. तो गोदामामागे कोंबड्या-बदकं पाळतो. त्याच्याकडून तात्याने एक खुडूक कोंबडी आणली. खुडूक म्हणजे अंडी उबवायचं खूळ जिच्या डोक्यात शिरलंय अशी. फुगून बसते, खात नाही, पीत नाही, जवळ जाल तर टोचते. तात्याने तिचं नाव ठेवलं मेट्रन.

"इस्पितळातल्या मेट्रन बाईंना कळलं तर?" मी विचारलं.

"कळला तर कोंबी रागावतली," तात्या म्हणाला.

मेट्रनने अंडी फोडून पिल्लं काढली आणि त्यातला एक कोंबडा निघाला. तो मोठा झाला आणि पहाटे आरवू लागला. चाळीला काही वाटलं नाही. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेले कान आमचे. पण टॉवरमध्ये बोटीवरचे एक निवृत्त कॅप्टन राहतात. ते तरातरा खाली आले.

"चाळीस वर्षं बोटीवर पहाटेची ड्यूटी केली! आता शांत झोपायला इथे फ्लॅट घेतला! आणि हे काय?"

तात्या भिडस्त माणूस. त्या दिवसापासून तो कोंबड्यावर टोपली आणि टोपलीवर दोन गोणपाटं टाकू लागला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ असते. ती प्रत्यक्ष करून पाहणारी आमचीच चाळ असावी.

तांबडं फुटलंच. पण ते कोंबड्यापुरतं तात्या टोपली उचलेल तेव्हा फुटायचं! एकदा तात्याचा डोळा लागला आणि टोपली उचलली गेली ती भर दुपारी दोनला. अख्खी चाळ जेवून आडवी झालेली. कोंबड्याने अख्ख्या रात्रीची थकबाकी एकदम वसूल केली. पहिल्या मजल्यावरच्या आजी उठून दात घासायला लागल्या.

बबन म्हणाला, "गटारी जवळ आलीय. कापू या याला."

तात्या ताडकन उभा राहिला. "हात लावूचो नाय! गावच्या देवाक बोललेलो कोंबो हा तो."

"मग गावाला ने आणि फेड नवस!"

"नवस कधी फेडूचो तां देव ठरवतलो."

कोंबडा आज हयात आहे. देवाने अजून काही कळवलेलं नाही.

*

कॅप्टनची दुसरी तक्रार मात्र थेट चाळीच्या कमिटीकडे आली. कमिटी म्हणजे कांबळे बाई. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होत्या. बबनसकट अर्धी चाळ त्यांच्या हाताखालून गेलेली. शिस्त अशी की विजेचं बिलसुद्धा त्यांच्याकडे वेळेवर येतं. शिवाय त्याच आठवड्यात कोंबडीच्या शिटेवरून त्यांचा पाय घसरता घसरता वाचला होता.

सभा भरली. बाईंनी ठराव मांडला: चाळीच्या आवारात पक्षी पाळू नयेत, असलेले हलवावेत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तात्याचा मुलगा अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. तात्याची बायको गेल्यापासून तो 'बाबा, इकडे या' म्हणून मागे लागला होता. तात्याचं उत्तर एकच, 'मगे पाखरांका कोण बघतलो?' पाखरं गेली की उत्तर जाणार आणि उत्तराबरोबर तात्याही. मग बाकावर उरणार बबन आणि मी, एकमेकांकडे बघत. आणि बबनकडे बघण्यासारखं फारसं काही नाही.

तात्या उभा राहिला. म्हणाला, "बाई, मेट्रन अंड्यार बसलीहा."

चाळीत निम्मी घरं कोकणातली. अंड्यांवरची कोंबडी उठवायची नाही, पाप लागतं, हे सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं. आणि देवाधर्माचं ऐकून घेणाऱ्यातल्या बाई नव्हत्या, पण जिवाचं ऐकून घेणाऱ्यातल्या होत्या. चष्मा पुसत त्यांनी ठरावात चार शब्द वाढवले: 'उबवणीची अंडी फुटेपर्यंत मुदत.'

कोणती अंडी, हे लिहायचं राहिलं. जन्मभर सरकारी कागद वाचलेल्या माणसाला असली भोकं लगेच दिसतात. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हेही मी त्याच नोकरीत शिकलो.

बबनला मात्र राहवलं नाही. बाहेर आल्याबरोबर म्हणाला, "तात्या, लोकांना कोर्टातून स्टे मिळतो. तुला कोंबडीखालून मिळाला!"

*

तिथून तात्याचं डोकं चालायला लागलं. एक कोंबडी उठायच्या आत दुसरी बसवायची. पुढे त्याला आणखी एक शोध लागला. कोंबडीच्या अंड्याला तीन आठवडे लागतात, बदकाच्या अंड्याला चार. म्हणजे तारीख आठवड्याने लांबते! कॉटन ग्रीनहून बदकाची अंडी आली आणि मेट्रनच्या पोटाखाली गेली. तिने ती बिनतक्रार उबवली. पिवळीधमक पिल्लं निघाली. मेट्रन त्यांना दाणे कसे टिपायचे ते शिकवत आवारात मिरवू लागली.

एका सकाळी बाईंनी नळाजवळ पांढऱ्या साड्या भिजवून टब ठेवला होता. पाण्यात नीळ घातलेली, आणि ती त्या दिवशी जरा जास्तच पडलेली. पिल्लांनी जन्मात पहिल्यांदा एवढं पाणी पाहिलं. धडाधड सगळी टबात!

मेट्रनला वाटलं, पोरं बुडाली. टबाभोवती धावत तिने जो आकांत मांडला तो ऐकून लोक गॅलरीत आले. पिल्लं मजेत पोहत होती, बुड्या मारत होती, साडीच्या पदराखालून शिरून पलीकडे निघत होती. तात्याने एकेकाला उचलून बाहेर ठेवलं. पिवळी गेली होती, निळी आली होती. अंग झाडून ती ओळीने मेट्रनच्या मागे चालू लागली.

बाई जिन्यात उभ्या. बाईंनी त्या निळ्या रांगेकडे शेवटपर्यंत पाहिलं.

"गावडे," त्या म्हणाल्या, "यांना सांगा, जयंतीला अजून अवकाश आहे."

*

बदकानंतर राजहंस. त्याच्या अंड्याला महिनाभर लागतो, हे कळल्यावर तात्या थांबतोय कशाला! एका अंड्यातून पिल्लू निघालं आणि बघता बघता गुडघ्याच्या वर गेलं. पांढराशुभ्र, मान लांब, स्वभाव जुन्या रेशनिंग ऑफिसातल्या साहेबाचा. त्याने आपली ड्यूटी स्वतःच ठरवली. आवाराच्या टोकाला चाळीचे सामायिक संडास आहेत. त्या वाटेवर तो उभा राहू लागला.

सकाळची वेळ. हातात बादली घेऊन मी निघालो. मान जमिनीला समांतर करून, फूत्कार टाकत तो माझ्यावर आला! मी मागे फिरलो. बबन पुढे गेला आणि पायजम्याचा एक तुकडा ठेवून परत आला. पाठीमागे लाइन वाढत होती. लोकांच्या चेहऱ्यांवर निरनिराळ्या पातळीची निकड दिसत होती.

तेवढ्यात बाई आल्या. राजहंस त्यांच्यावरही धावला. बाई जागच्या हलल्या नाहीत. तर्जनी वर करून फक्त म्हणाल्या,

"बस खाली!"

तो बसला. खरोखर बसला! मान आखडून, पंख मिटून.

बबन फाटका पायजमा सावरत म्हणाला, "म्हणजे हा पण बाईंच्याच शाळेतला!"

त्यानंतर कितीतरी दिवस चाळीतले पुरुष बाईंना विचारून संडासला जात होते.

*

मग कॅप्टनची तिसरी तक्रार आली आणि या वेळी टॉवरच्या सेक्रेटरीची सहीही होती. बाईंनी निरोप पाठवला: रविवारी सकाळी तपासणी. एकाही पक्ष्याखाली अंडं नसेल तर मुदत संपली.

नशीब असं की नेमकी तेव्हा एकही कोंबडी खुडूक होईना. सगळ्या पिसं गाळत होत्या. अंडी घालणंही बंद. मेट्रन तर पेन्शन मंजूर झाल्यासारखी हिंडत होती. तात्याने तिला अंधाऱ्या कोपऱ्यात बसवलं, गवत घातलं, विनवण्या केल्या. बबनने तिच्याखाली बटाटे ठेवून पाहिले. तिने बटाट्यांकडे पाहिलं, मग बबनकडे पाहिलं. बबनच उठून गेला.

कॉटन ग्रीनहून उबवणीची अंडी आण, असं मी तात्याला सुचवलं. तो म्हणाला, "कोंबी बसाकच तयार नाय, त्या जिवांका थंडीत मारू काय?"

रविवारी तात्याचा मुलगा टेम्पो घेऊन आला. पाखरं कॉटन ग्रीनच्या गोदामावर, तात्या अँटॉप हिलला. तात्याची ट्रंक बाकाशेजारी. सगळ्या कोंबड्या आणि बदकं टोपल्यांत घालून, वर फडकी बांधून, भिंतीलगत ओळीने ठेवलेली. राजहंस बाईंच्या पायाशी बसून. कॅप्टनही आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

बाई सगळ्यांच्या आधी खाली उतरलेल्या. पदर खोचलेला, हात पाठीमागे.

"उघडा एकेक टोपली."

"काय बघूचा, बाई?" तात्या म्हणाला. "सकाळीच बघलंय मी. काय एक नाय."

"तपासणी म्हणजे तपासणी. उघडा."

मुलाने पहिली उघडली. कोंबडी, बाकी काही नाही. दुसरी. तिसरी. बबन टेम्पोकडे तोंड करून उभा राहिला. शेवटच्या टोपलीत मेट्रन. तात्याने तिला दोन्ही हातांनी वर उचललं आणि तसाच उभा राहिला.

गवतात एक अंडं होतं.

कमिटीचा मेंबर म्हणून ते मी उचललं. पांढरंफेक, घासूनपुसून स्वच्छ, मॉलमध्ये खोक्यातून मिळतं तसं. कुशीवर जांभळा शिक्का: कंपनीचं नाव आणि तारीख. आमच्या गावठी कोंबड्यांनी आजवर तारीख टाकून अंडं दिलेलं नव्हतं.

कॅप्टन मान पुढे काढून म्हणाले, "एक्सक्यूज मी, हे अंडं तर..."

बबननेही तोंड उघडलं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने तिसरीत मिटायचा तसं मिटलं.

"हेडक्लार्क, काय आहे?" बाईंनी चार हात लांबूनच विचारलं.

"अंडं आहे."

"फुटलंय?"

"नाही."

"मग ठराव स्पष्ट आहे. फुटेपर्यंत मुदत."

"पण मॅडम," कॅप्टन म्हणाले, "हे फुटणार कधी?"

"ते कोंबडी बघेल," बाई म्हणाल्या. टेम्पोवाल्याला त्यांनी हाताने 'जा' अशी खूण केली, जिन्याकडे वळल्या आणि पहिल्या पायरीवर थांबून मला म्हणाल्या,

"ते अंडं असं हातात धरून काय उभे आहात? ठेवा लवकर तिच्या पोटाखाली. केवढं गारठलंय!"