टँकरच्या रांगेतला विश्वस्त

“मी हाय की!” असं म्हणत आमच्या मंडळातले एक गृहस्थ पायात चपला सरकवायचे, आणि मग बैठकीत त्या कामावर पुढे कुणी बोलायचं नाही. मैदानाची परवानगी आणायचीय? मी हाय की. व्हॉलीबॉलची जाळी फाटलीय? मी हाय की. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमचं मंडळ एव्हाना बंद पडलेलं असणार.

बजाजनगरातल्या आमच्या क्रीडा मंडळाचे आम्ही चार विश्वस्त. पगार नाही, भत्ता नाही, चहासुद्धा पदरचा. त्यांतल्या या ‘मी हाय की’वाल्यांचं घराणं मेंढपाळाचं, नोकरी वाळूजच्या कारखान्यात झालेली. निवृत्तीनंतर माणसानं जरा आराम करावा की नाही? या गृहस्थांना मंडळाचं एवढं वेड कशापायी, याचं मला भारी कुतूहल होतं.

एका वर्षी दुष्काळ पडला. वसाहत वाढतच होती आणि नळ मात्र कोरडे. टँकर यायचा नेमका संध्याकाळी, खो-खोच्या सरावाच्या वेळी. मुली मैदान सोडून हंडे घेऊन पळायच्या. जिल्ह्याची निवड चाचणी तोंडावर आलेली, आणि आमच्या कर्णधार मुलीच्या आईनं तिला बजावलेलं, “एक दिवस जरी पाणी चुकलं तर खेळ बंद!” मी बैठकीत म्हटलं, यंदा संघ नकोच पाठवायला.

“नको कसा? तिचा हंडा घिऊन मी हाय की!”

आणि खरंच रांगेत उभे राहिले की हो! बायकांमध्ये हा मिशाळ गडी एकटा. बायका म्हणायच्या, “काका, उद्या लुगडं नेसून या!”

“येतो की, पर नंबर नाय सोडणार.”

मुलगी पुन्हा मैदानावर पळू लागली. पण रांगेचा नियम कडक होता, एका नंबरावर एकाच घराचं पाणी. मग यांच्या घरी पाणी भरतं कोण? मला काही राहवेना. एका संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घराकडे गेलो. त्यांच्या पत्नी दूरच्या हापशावरून कळशी घेऊन, दुखरा गुडघा सांभाळत येत होत्या.

“वहिनी, तुम्ही?”

“मग कोण? ते ट्रस्टी हायत ना! पोरीला रांगेतनं सोडवलं त्यांनी. मला कोण सोडवणार?”

दुसऱ्या दिवशी रांगेतच मी त्यांना हे सांगितलं.

“व्हय... ध्यानातच नाय आलं माझ्या,” ते पुटपुटले. मग हातातला हंडा माझ्याकडे दिला. “हा पोरीचा. आजपासनं तुमी हाय.” आणि स्वतःच्या घरचा हंडा आणायला निघून गेले. माझा असा काही संताप झाला म्हणता! पण राहिलो उभा. करतो काय?

निवड चाचणीच्या दिवशीही टँकर आलाच. आम्ही दोघं रांगेत, आणि मुलींबरोबर गेल्या वहिनी. आम्ही त्यांच्या दारात पोचतो तोच त्या परतल्या.

“निवडली आपली पोर!” आणि मग सांगतच सुटल्या. ती खांबापाशी कशी वाकली, तिनं हुलकावणी कशी दिली, आपण स्वतः कशा ओरडलो. हे भरला हंडा खांद्यावर तसाच धरून उभे, पाणी सदऱ्यावर सांडतंय आणि तोंडानं एकच, “मग? पुढं सांग की, मग?”

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वहिनी तो सामना मला अजून सांगतात. मीही मध्ये मध्ये “मग?” म्हणतो. पण खांबापर्यंत आल्या की त्या थांबतात आणि दाराकडे बघत बसतात.