तारेजवळची हजेरी

सोलापूर स्टेशनबाहेर रिक्षा लावणाऱ्या जोतिरामच्या आवाजाला तोड नाही. म्हणून विमुक्त दिनी, म्हणजे सुटकेच्या दिवशी, जुन्या सेटलमेंटची हजेरी तोच घेतो. इंग्रजांनी कैकाड्यांना गुन्हेगार ठरवून गावोगावहून उठवलं आणि इथं तारेच्या कुंपणात कोंडलं. रोज हजेरी घेतली. आता तारेच्या जागी रस्ता आहे. तिथं सगळे जमतात, जोतिराम त्या कोंडलेल्या, आता हयात नसलेल्या माणसांची नावं पुकारतो, आणि ज्या-त्या घरची बाई ‘हाय’ म्हणून ओ देते.

यंदा त्याला घोर लागला होता. आई वारली होती. आजी चंद्रीच्या नावाला ओ द्यायला घरात उरली एकटी सून, पूनम. तिच्या माहेरी, मोहोळला, हा विषय कधी निघतच नसे.

“मामा, गुन्हेगार होतो हे भर रस्त्यात कशाला वरडायचं?” तिनं विचारलं होतं.

“नव्हतो, म्हणूनच वरडायचं की,” एवढंच तो म्हणाला. आग्रह केला नाही.

“चंद्री,” त्यानं पुकारलं. कुणीच बोललं नाही.

“जोत्या, घरात ओ द्यायला कुणी उरलं न्हाई काय?” मागून एकानं चिडवलं.

जोतिराम खाली मान घालून पुढचं नाव घेणार, तेवढ्यात पूनम पदर सावरत पुढं आली.

“हाय,” ती हळूच म्हणाली. “आन् मामा, माझी पणजी येडू बी घ्या. मोहोळातनं तिलाबी हितंच आणलं हुतं. काल आईला फोन करून इचारलं.”

जोतिरामनं घसा खाकरला. “येडू, मोहोळ,” त्याचा आवाज रस्ताभर घुमला.

“हाय,” पूनम म्हणाली, आणि या खेपेला ते मागच्या माणसालाही ऐकू गेलं.