ओट्यावरचं उपाशी यीस्ट

पाव फुगवायला बेकरीत जे यीस्ट घालतात, त्याच्या पेशी डीएनएची नक्कल काढायला सुरुवात कशी करतात, या एका प्रश्नावर माझी चाळिशी उलटली. लोक विचारत, "मंग पुढं काय होतं?" मी सांगे, पुढचं माझ्याकडे नाही, माझ्याकडे फक्त सुरुवात. लोक हसत. आधी मलाही हसू यायचं, नंतर नंतर येईना.

जालन्याहून रोज बदनापूरला जायचं, तासिका तत्त्वावर शिकवायचं, येताना गाडीत उभ्याउभ्या पेंगायचं आणि घरी आल्यावर पुन्हा पोळपाट. त्यात विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ संपत आलेली. हा एक प्रयोग हुकला असता तर नोंदणी रद्द, आणि पीएचडी नाही तर कायमची नोकरीही नाही. कॉलेजातली वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून मी पेशींचा काचेचा चंबू घरी आणून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. एक जुना मायक्रोस्कोपही आणला. यीस्टला लागते तेवढी ऊब मिळवायला आमच्याकडे चैत्रात यंत्र लागत नाही. खिडकी लावली की झालं.

प्रयोग सांगायला सोपा. पेशी नुसत्या पाण्यात उपाशी ठेवायच्या. उपाशी पेशी नक्कल काढायला घेत नाही, त्यामुळे सगळ्या एकाच टप्प्यावर थांबतात. मग सगळ्यांना एकदम खाऊ घालायचं. खाणं मिळालं की डीएनएवर ठरलेल्या जागी प्रथिनांच्या कड्या येऊन बसतात. बसल्या म्हणून लगेच काम सुरू होत नाही. अक्षता हातात घेऊन वऱ्हाडी खोळंबतात तशा त्या खोळंबतात. पेशीने इशारा दिला की मगच डीएनएचे दोन पदर सुटू लागतात, आणि एकदा सुटले की त्या खेपेला नवी कडी बसू दिली जात नाही. हे सगळं नेमकं कधी होतं ते पाहायला थोड्या थोड्या वेळाने नमुना काढायचा, अल्कोहोलमध्ये टाकायचा आणि विद्यापीठातल्या यंत्रावर मोजायचा. सगळ्या पेशी बरोबरीने निघाल्या तरच त्या मोजण्याला अर्थ.

नवरा नोकरीसाठी पुण्यात, घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांची सारी हयात केदारखेड्याच्या शेतावर गेलेली. जेवायला बसण्याआधी दारात जाऊन मोठ्याने विचारायचं, "कोनी उपाशी हाये का?" ही त्यांची रीत. तिकडे कधी एखादा मेंढपाळ, कधी वाटसरू यायचा म्हणे. इथे तिसऱ्या मजल्यावर समोरचं दारसुद्धा उघडत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. उत्तर कधीच यायचं नाही, मग त्या शांतपणे पहिला घास घ्यायच्या.

पहिल्या खेपेला मी कॉलेजातून आले तर चंबूतलं पाणी तांबूस झालेलं, वर फेस. मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशींना कळ्या फुटल्या होत्या, कुणाला मोठी, कुणाला बारीक, कुणाला अजून नाहीच. म्हणजे नक्कल काढणं सुरू झालेलं, आणि तेही जिचं तिने.

"आत्या, यात काय घातलं?"

"गूळ. चिमूटभर. सकाळी तूच म्हन्ली ना, उपाशी ठिवलेत म्हनून? जीव हाये का न्हाई त्याच्यात?"

"आहे."

"मंग? उपाशी जीव म्होरं ठिवून मी भाकर कशी खाऊ?"

मला रडू आलं नाही. रागसुद्धा धड आला नाही, इतकी मी दमले होते. चंबू धुऊन पालथा घातला आणि ओट्याला टेकून खाली बसले. "संपलं, आत्या. माझी नोकरी गेली समजा."

त्या म्हणाल्या, "पुन्यांदा न्हाई का करता येत?"

येत होतं. हातापाया पडून यंत्रावरची पाळी आठवडाभर पुढे ढकलून घेतली. पुन्हा पेशी वाढवल्या, पुन्हा पाण्यात टाकल्या. त्या संध्याकाळी ताट वाढलं तर आत्या उठेनात.

"त्यायला घालशीन तवाच मला वाढ."

"आत्या, तुमचं वय काय!"

"म्हातारीला उपास जड न्हाई. पन त्यायच्या देखत न्हाई खानार."

वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. सकाळी चंबूत खाणं घातलं आणि म्हटलं, आता जेवा. त्यांनी विचारलं, "सुरू झालं का?" मी म्हटलं, वेळ लागतो. "मंग थांबते."

मी नमुने काढत राहिले, चंबू हलवत राहिले. त्या भिंतीला टेकून बसलेल्या, नजर ओट्यावर. दुपारी भिंगाखाली एका पेशीला बारीक फुगवटा दिसला. शेजारच्या पेशीला, तिच्या शेजारच्या पेशीला, सगळीकडे तेवढाच. "झालं सुरू, आत्या. सगळ्यांचं एकदम."

पुढे यंत्रावर आलेख स्वच्छ आला, प्रबंध गेला, घोडं एकदाचं गंगेत न्हालं. त्या दुपारी मात्र मला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी भाकरी वाढली. आत्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दारात गेल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "कोनी उपाशी हाये का?"

समोरचं दार बंदच होतं. मी पुन्हा हातात घेतलेली नमुन्याची नळी खाली ठेवली. कालपासून माझ्याही पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

"मी हाये, आत्या," मी आतून म्हणाले.

त्या वळल्या. "मंग इतके दिवस बोलली का न्हाई?"